लिफ्टचा डबा कुणाच्या मापाचा?

 

आजचा विषय तुम्ही दिवसातून चार-सहा वेळा वापरता, आणि वापरताना त्याच्याकडे न बघता मोबाइलमध्ये बघता. लिफ्ट. पण मोटर, बटणं, स्पीड हे सगळं आज बाजूला ठेवू. आज फक्त तो डबा, आपण ज्यात उभे राहतो तो. तो एवढाच का असतो, हलत का नाही, आणि त्याचं माप कुणी ठरवलं?

हा प्रश्न मला का पडला ते आधी सांगतो.

दोन वर्षांपूर्वी माझी आजी घरात पडली. मांडीचं हाड मोडलं. आमचं घर पाचव्या मजल्यावर. ॲम्ब्युलन्स वेळेवर आली, माणसंही चांगली होती. पण त्यातला एकजण लिफ्टचं दार उघडून आत बघून आला आणि म्हणाला, "दादा, स्ट्रेचर बसणार नाही. एक जाड चादर द्या." मग चादरीची झोळी केली, चार कोपरे चौघांनी धरले आणि पाच मजले जिन्याने उतरलो. प्रत्येक वळणावर आजी एकच शब्द म्हणत होती, "हळू रे." मी मागचा कोपरा धरला होता. खाली पोचलो तेव्हा लिफ्ट तळमजल्यावर आलेली होती. रिकामी, आतला दिवा चालू.

आजी आता वॉकर घेऊन घरभर फिरते, काळजी नको. पण ती लिफ्ट डोक्यातून जाईना. एका रविवारी टेप घेऊन मोजलीच. रुंदी १,१०० मिलिमीटर, खोली १,००० मिलिमीटर. आतल्या पाटीवर लिहिलंय : ६ व्यक्ती, ४०८ किलो. पायथागोरसला स्मरून कर्ण काढला तर तो साधारण १४९ सेंटिमीटर. माझी आजी पाच फुटांची, म्हणजे १५२. या डब्यात ती तिरकीसुद्धा झोपू शकत नाही. स्ट्रेचर तर सहा फुटांचं.

चूक कुणाची? इथूनच इतिहासात शिरलो.

आधी भोक, मग लिफ्ट

१८५३. न्यूयॉर्कमध्ये पीटर कूपर नावाचा उद्योजक कूपर युनियन ही शिक्षणसंस्था बांधत होता. उंच इमारतीत माणसं नेणारं यंत्र आज ना उद्या येणार, याची त्याला इतकी खात्री होती की त्याने लिफ्ट येण्याआधीच इमारतीत तिच्यासाठी उभी पोकळी सोडली. आपण ज्याला डक्ट किंवा शाफ्ट म्हणतो, ती. आणि ती त्याने गोल ठेवली, कारण गोल आकार सगळ्यात कार्यक्षम असं त्याला वाटलं.

गणित म्हणून ते चूक नाही. तेवढ्याच लांबीच्या भिंतीत सगळ्यात जास्त जागा गोलच वेढतो. पण इमारतीच्या खोल्या चौकोनी असतात. चौकोनी नकाशात गोल भोक पाडलं की चार कोपरे वाया जातात. पुढे लिफ्ट आल्या त्या चौकोनी, आणि कूपरच्या इमारतीसाठी मात्र नंतर खास गोल डबा बनवून घ्यावा लागला.

या किश्श्यात आपला पहिला धडा आहे. डब्याचा आकार एकट्या डब्याचा प्रश्न नसतो. डबा ज्या भोकातून जातो ते भोक प्रत्येक मजल्याला पडतं. साधा हिशोब करा : दोन मीटर बाय दोन मीटरचा डक्ट, म्हणजे ४ चौरस मीटर. इमारत २० मजल्यांची असेल तर ८० चौरस मीटर जागा गेली. एक बऱ्यापैकी टू बीएचके हवेत गेला! बिल्डर डब्याच्या प्रत्येक इंचाशी घासाघीस का करतो, ते इथे कळतं.

स्प्रिंग आणि दाते

आता दुसरा प्रश्न, हा डबा पडत का नाही?

दोरावर माल चढवणारे पाळणे फार जुने. पण त्यात माणूस बसायला घाबरायचा, कारण दोर तुटला की खेळ खलास. १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेस प्रदर्शनात एलिशा ओटिस लोकांसमोर एका फळीवर उभा राहिला, फळी उंच नेली आणि वरचा दोर कापायला लावला. फळी थोडीशी खाली आली आणि थांबली.

ही गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकली असेल. पण नेमकं काय केलं होतं? त्याने दोर मजबूत केला नव्हता. फळीच्या वरच्या चौकटीत घोडागाडीला असते तशी पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग बसवली होती. दोर ताणलेला असेपर्यंत ती स्प्रिंग वाकलेली राहायची. दोर तुटला की ती सरळ व्हायची आणि तिची टोकं दोन्ही बाजूंच्या उभ्या खांबांवरच्या दात्यांत अडकायची.

म्हणजे सुरक्षा दोरातून काढून चौकटीत आणली. आणि त्याबरोबर बाजूच्या उभ्या रुळांना दोन कामं लागली : एक, डबा सरळ ठेवायचा, दोन, वेळ आली तर त्याला धरायचं. आजच्या प्रत्येक लिफ्टमध्ये रूळ हीच दोन कामं करतात.

२३ मार्च १८५७ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या हॉवट या पाच मजली दुकानात ओटिसची पहिली प्रवासी लिफ्ट सुरू झाली. काचसामान आणि चिनी मातीच्या भांड्यांचं दुकान. वेग मिनिटाला ४० फूट. तुम्ही-आम्ही जिन्याने आधी पोचलो असतो.

गंमत म्हणजे त्याच काळात दुसरा एक ओटिस होता, बॉस्टनचा ओटिस टफ्ट्स. हे याचं पहिलं नाव बरं का, आडनाव नाही. त्याने विचार केला की दोरच नको. १८५९ मध्ये न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यू हॉटेलात त्याने इमारतीच्या उंचीएवढा लोखंडी स्क्रू उभा केला आणि डबा त्या स्क्रूवर नटासारखा चढवला. स्क्रू फिरला की डबा वर. दोरच नाही, तर तुटणार काय?

स्थिर? अगदी. पण डब्याच्या मधोमध हा भलामोठा खांब, वेग कमी, खर्च प्रचंड. शेवटी तो काढून टाकावा लागला. दुसरा धडा हा : नुसती स्थिरता पुरत नाही, ती कमीत कमी जागेत बसवावी लागते.

पालखी आणि दांडा

आता तुमच्या आजच्या लिफ्टमध्ये येऊ. आत उभे राहा आणि स्टीलच्या भिंतीवर टिचकी मारा. पोकळ वाजते ना? कारण ती भिंत जवळजवळ काहीच पेलत नाही.

वारीतली पालखी आठवा. चांदीची, फुलांनी सजवलेली पालखी आपल्याला दिसते, पण सगळा भार दांड्यावर असतो. लिफ्टमध्येही तसंच. डब्याबाहेर, आपल्याला कधी न दिसणारी एक पोलादी चौकट असते. तिला स्लिंग म्हणतात. वर एक आडवी तुळई, खाली एक, आणि दोन बाजूंना दोन उभे पोलादी खांब. दोर वरच्या तुळईला बांधलेले, खालच्या तुळईवर फरशी बसवलेली, आणि फरशीवर आपला चकचकीत डबा. चौकट आणि फरशीच्या मध्ये रबराचे तुकडे असतात, रुळांची थरथर तुमच्या पायापर्यंत येऊ नये म्हणून. 'ओव्हरलोड' म्हणून लिफ्ट किंचाळते तेव्हाही बऱ्याचदा हे रबर किती दबलं तेच मोजलेलं असतं.

मग डबा झुलत का नाही? चौकटीच्या उभ्या खांबांना वर आणि खाली, दोन्ही बाजूंना मिळून चार ठिकाणी 'गाइड शू' असतात. ते इंग्रजी टी आकाराच्या रुळांना धरून सरकतात. वेगवान लिफ्टमध्ये त्यांच्या जागी रबरी चाकं. दाराच्या बिजागऱ्या आठवा. दोन बिजागऱ्या एकमेकींच्या अगदी जवळ लावल्या तर दार लोंबतं, एक वर आणि एक खाली लावली तर घट्ट बसतं. तेच तत्त्व. वरच्या आणि खालच्या शूमधलं अंतर जितकं जास्त, तितका डबा कमी कलतो.

आणि कलण्याचं कारण आपणच असतो. आपण मधोमध उभे राहत नाही. आत शिरलो की कोपरा पकडतो किंवा आरशापाशी जातो. हे डिझाइन करणाऱ्यांना पक्कं माहीत आहे. युरोपीय नियमांत रुळांचा हिशोब करताना सगळं वजन फरशीच्या तीन चतुर्थांश भागातच आहे, आणि तेही सगळ्यात वाईट बाजूला, असं धरतात. मला हे फार आवडलं. माणूस जसा वागतो तसाच धरला, शहाणा धरला नाही.

पंचाहत्तर मजले

या रचनेची सगळ्यात भीषण परीक्षा झाली २८ जुलै १९४५ ला. दाट धुक्यात एक बी-२५ बॉम्बर विमान न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगला ७९ व्या मजल्याच्या आसपास धडकलं. १४ माणसं मेली. बेटी लू ऑलिव्हर ही लिफ्ट चालवणारी मुलगी जखमी झाली, आणि तिला खाली नेण्यासाठी दुसऱ्या लिफ्टमध्ये बसवलं. त्या लिफ्टचे दोर धडकेत कमजोर झालेले होते. ते तुटले आणि डबा ७५ मजले खाली, थेट तळघरात गेला.

ब्रेक का लागले नाहीत? ओटिसनंतर पद्धत बदलली होती. आता डब्याला एक वेगळा पातळ दोर जोडलेला असतो, तो वर 'गव्हर्नर' नावाच्या चाकावरून फिरतो. डबा मर्यादेबाहेर वेगात पडू लागला की गव्हर्नर तो दोर पकडतो, दोर डब्याखालची पाचर ओढतो आणि पाचर रुळाला चावते. पण त्या दिवशी गव्हर्नरचा दोरही तुटलेला होता. ब्रेक होते, त्यांना हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं.

तरीही ती वाचली. खाली पडलेल्या दोरांची वेटोळी डब्याखाली गादीसारखी साठली. शिवाय अरुंद डक्टमध्ये डब्याखालची हवा दाबली जाऊन वेग कमी झाला असावा, असं मानलं जातं. सायकलचा पंप तोंडाशी बोट धरून दाबून बघा, तसं. एका डब्यातून पडून इतकी उंची जगून पार केल्याचा तिचा विक्रम आजही सांगतात. सुदैवाने तो मोडायची कुणाला घाई नाही.

लोकल आणि फास्ट

इमारती उंच होत गेल्या तसा पीटर कूपरचा प्रश्न पुन्हा उभा राहिला, फक्त आता भोकं पन्नास-साठ झाली होती. जितके मजले जास्त, तितकी माणसं जास्त, तितक्या लिफ्ट जास्त. एका टप्प्यानंतर खालच्या मजल्यांवर लिफ्टच लिफ्ट, ऑफिस कुठेच नाही.

यावर दोन युक्त्या निघाल्या. एक, दुमजली डबा : एकाच चौकटीत एकावर एक दोन डबे. एकाच भोकातून दुप्पट माणसं. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या ७० पाइन स्ट्रीटच्या इमारतीत हे झालं. आज क्वालालंपूरच्या पेट्रोनास टॉवर्समध्येही तसे डबे आहेत.

दुसरी युक्ती मुंबईकरांना लगेच कळेल. फास्ट लोकल आणि स्लो लोकल. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या जुळ्या मनोऱ्यांत ४४ व्या आणि ७८ व्या मजल्यावर दादरसारखी जंक्शनं केली. तळापासून तिथपर्यंत मोठ्या फास्ट लिफ्ट, एकेकीत ५५ माणसं मावतील एवढ्या. तिथून पुढे छोट्या स्लो लिफ्ट. फायदा असा की एकाच उभ्या भोकात तीन स्लो लिफ्ट एकावर एक बसल्या, प्रत्येक आपापल्या भागात. ११० मजल्यांच्या प्रत्येक मनोऱ्यात ९९ लिफ्ट असूनही मजल्यावरची वापरण्याजोगी जागा ६२ टक्क्यांवरून ७५ टक्क्यांवर गेली.

मग १९९६ मध्ये फिनलंडच्या कोने कंपनीने गच्चीवरची मशीन रूमच काढून टाकली. चपटी मोटर थेट डक्टमध्येच, रुळांच्या वरच्या टोकापाशी. आणि जुन्या, अरुंद इमारतींसाठी आणखी एक रचना वापरात आहे : दोन्ही रूळ एकाच बाजूला आणि डबा त्यांच्यावर पाठीवरच्या सॅकसारखा अडकवलेला. बाकीच्या बाजू मोकळ्या राहतात, जागा वाचते. पण भार एका बाजूने लोंबतो, म्हणून रुळांवर ताण जास्त. सॅक जड असली की खांदे कसे ओढले जातात, तसं.

सहावा माणूस

आता त्या पाटीकडे परत या. ६ व्यक्ती, ४०८ किलो. भागाकार करा : माणशी ६८ किलो. ८ माणसांच्या लिफ्टवर ५४४ असतं, तिथेही ६८. हा आपल्या भारतीय मानकातला माणूस. युरोपात तोच माणूस ७५ किलोचा धरतात.

वजनावरून क्षेत्रफळ ठरतं. आणि इथे उलटा विचार आहे : नियम डबा किती मोठा *हवा* यापेक्षा किती मोठा *नको* हे कडकपणे सांगतात. कारण सोपं आहे. जागा दिसली की आपण शिरतो. ६ माणसांच्या ताकदीच्या चौकटीवर १० माणसांची फरशी ठेवली तर दहाजण उभे राहणारच. युरोपात ६३० किलोच्या लिफ्टला १.६६ चौरस मीटरपेक्षा मोठी फरशी चालत नाही.

मग एका माणसाला किती जागा? अमेरिकेत जॉन फ्रुइन यांनी १९७१ च्या पुस्तकात गर्दीच्या मोजमापासाठी एक लंबवर्तुळ वापरलं : १८ इंच बाय २४ इंच. वरून बघितलेले खांदे आणि छाती. लिफ्ट, जिने, फलाट, सगळीकडे हे लंबवर्तुळ प्रसिद्ध झालं. त्याचं क्षेत्रफळ साधारण ०.२२ चौरस मीटर. आमच्या लिफ्टची फरशी १.१ चौरस मीटर. सहाने भागलं तर ०.१८. सहावा माणूस आत आला की सगळे श्वास का रोखतात, कळलं?

पण मी ते लंबवर्तुळ बघत बसलो आणि मला आजी आठवली. ते वरून काढलेलं चित्र आहे. *उभ्या* माणसाचं. आडव्या माणसाला साधारण १७० बाय ५० सेंटिमीटर लागतात, म्हणजे उभ्याच्या जवळजवळ चौपट. दीडशे-पावणेदोनशे वर्षं हुशार लोकांनी दोर तुटला तर काय, सगळे एका कोपऱ्यात गेले तर काय, हे सगळं धरलं. माणूस पडला तर काय, हे आमच्या लिफ्टमध्ये कुणी धरलंच नाही.

आम्ही सॉफ्टवेअरवाले याला 'एज केस' म्हणतो. क्वचित घडणारी गोष्ट, नंतर बघू. पण प्रत्येक घरात कधी ना कधी कुणीतरी आजारी पडतंच. ती क्वचित घडणारी गोष्ट फक्त एका दिवसापुरती आहे. इमारतीच्या आयुष्याकडे बघितलं तर ती घडणारच आहे.

आणि मला चटका लावणारी गोष्ट ही. आंतरराष्ट्रीय मापांमध्ये १,००० किलोच्या लिफ्टचे दोन आकार आहेत. ऑफिससाठी १,६०० मिलिमीटर रुंद आणि १,४०० खोल : रुंद दार, पटापट चढ-उतार. राहत्या इमारतींसाठी १,१०० रुंद आणि २,१०० खोल : अरुंद, लांबुळकी, स्ट्रेचर जाईल अशी. वजन तेच, क्षेत्रफळही जवळजवळ तेच, २.२४ आणि २.३१. आकार तेवढा बदलला. व्हीलचेअरसाठीचा आकार तर त्याहून लहान आहे, १,१०० बाय १,४००. म्हणजे यंत्राची अडचण नाही. आत कोण येणार, हे आधी ठरवलं की नाही, एवढाच प्रश्न आहे.

आमच्या सोसायटीत

आमच्या बिल्डिंगचं आता रिडेव्हलपमेंट घाटतंय. गेल्या महिन्यात मीटिंगमध्ये नकाशा दाखवला. १४ मजले, दोन लिफ्ट शेजारी शेजारी, दोन्ही ६ माणसांच्या. सगळे कार्पेट एरिया आणि पार्किंगवर बोलत होते. मी हात वर केला आणि विचारलं, "यातली एक खोल करता येईल का?"

चेअरमनकाका म्हणाले, "अरे, दोन लिफ्ट आहेत की!" मी म्हटलं, "काका, दोन्हीत उभंच राहावं लागतं." मागून दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "माझ्या ह्यांना पण चादरीतूनच नेलं होतं." मग तिसऱ्या मजल्यावरचे एकजण बोलले. मग आणखी एक. १२ फ्लॅटच्या बिल्डिंगमध्ये चार झोळ्या निघाल्या, आणि आजवर कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

आर्किटेक्ट म्हणाले, डक्ट खोल केला तर प्रत्येक मजल्यावर थोडी जागा जाईल, आकडा काढून सांगतो. तो आकडा पुढच्या मीटिंगला येणार आहे. तो ऐकून लोक काय म्हणतील, मला माहीत नाही. महाराष्ट्रात १९३९ पासून लिफ्टचा कायदा आहे, २०१७ मध्ये नवा आला. लिफ्ट बसवायला परवानगी लागते, चालवायला परवाना लागतो. पण स्वतःच्या घराच्या नकाशावर 'इथून आजी जाईल का?' हे विचारायचं काम शेवटी आपलंच आहे. आणि ते काँक्रीट ओतायच्या आधी विचारावं लागतं. भोक एकदा पडलं की पडलं, हे पीटर कूपरने केव्हाच दाखवून दिलंय.

तर मंडळी, आज घरी जाताना लिफ्टमध्ये मोबाइल खिशात ठेवा. पाटी वाचा, ६८ ने भागा, आणि एकदा खोली मोजा. टेप नसेल तर वितीने मोजा. मीटिंगचं काय झालं ते पुढच्या एखाद्या भागात सांगेन. तोपर्यंत जपून राहा, आणि ओव्हरलोडचा आवाज आला तर शेवटी चढलेल्याने मुकाट्याने उतरा. भेटू!